मुंगीचा आवाज

प्रसूतिगृहाच्या मागच्या दारात मोठ्या सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. वरच्या मजल्यावर एक बाळ रडायला लागलं होतं. त्याचं ऐकून दुसऱ्याने सूर धरला, आणि मग सगळ्या वॉर्डानेच साथ दिली.

"उद्या ही गाडी अशी बोंबलत आली," सिस्टर म्हणाल्या, "तर परवापासून यायचंच नाही. मी दुसरी लाँड्री बघते."

"उद्या मांजराच्या पावलांनी येते, सिस्टर."

"हे मागच्या आठवड्यातही म्हणाला होतात. मांजर कुठे अडकलं?"

लाँड्रीच्या घरची सून मान खाली घालून गाडीच्या मागच्या बाजूला वळली. धुतलेल्या चादरींचे गठ्ठे उतरवून ती निघाली. इंजिन सुरू झालं तसा वर पुन्हा एकदा कोरस झाला.

घरच्या लाँड्रीचं निम्म्याहून अधिक काम या एका प्रसूतिगृहाचं होतं. ते गेलं तर मोठी मशीन नुसती कपाळाला हात लावून बसली असती, आणि तिच्याबरोबर घरही. चादरींची ने-आण करणारी तीनचाकी गाडी लहानखुरी, काळी आणि अंगापेक्षा जास्त ओझं ओढणारी, म्हणून सासऱ्यांनी तिचं नाव मुंगी ठेवलं होतं. सासऱ्यांचं सारं आयुष्य गॅरेजमध्ये गेलेलं. मुंगीला पहाटे उठवणं, तेलपाणी बघणं हा त्यांचा मान होता, आणि त्या मानाला कुणी हात लावत नसे.

ती परतली तेव्हा मशीन घरघरत होती, ड्रायर घुमत होता आणि नवरा वाफेच्या इस्त्रीआडून ओरडत होता, "काय म्हणाल्या?"

"हाकलणार म्हणाल्या!"

"काय चाळणार?"

त्या खोलीत अशीच बोलणी होत. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात नवऱ्याने तिला ती किती आवडते हे इतक्या मोठ्याने सांगितलं होतं, की कपडे न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने अभिनंदन केलं. ऐकू न येणं इथे कुणाचा दोष नव्हता, हवापाण्यासारखं ते सगळ्यांच्या वाट्याला सारखंच आलेलं होतं.

सासूबाई चादरींच्या घड्या घालत पुटपुटत होत्या. मशीन चालू असेपर्यंत पुटपुटायची त्यांना पूर्ण मुभा होती. "नातवंडांची जावळं काढण्याच्या वयात गाडीला बाळासारखं जपतात. बायकोला कधी विचारलं नाही, तुझं तेलपाणी झालं का."

"बाबा," सून सासऱ्यांजवळ जाऊन ओरडली, "मुंगी फार आवाज करते!"

"मुंगी?" सासरे प्रेमाने म्हणाले. "छान गुणगुणतेय की. आता कुठे तिचा गळा सुटलाय."

"नवा सायलेन्सर घेऊ," नवरा म्हणाला. त्याचं सगळ्या दुखण्यांवर हेच औषध होतं. इस्त्रीची वायर तापली तरी नवी इस्त्री.

सुनेला मात्र कारण कळल्याशिवाय चैन पडत नसे. आवाज सायलेन्सरच्या तोंडाशी नव्हता, इंजिनाजवळून फटफटत येत होता, म्हणजे धूर कुठेतरी मध्येच पळत होता. पळवाट शोधायला लाँड्रीत साबणाला तोटा नव्हता. इंजिन निवल्यावर तिने सायलेन्सरची नळी जिथे इंजिनाला जोडली होती तिथे दाट फेस थापला, नवऱ्याला मागच्या तोंडावर ओल्या टॉवेलचा बोळा धरायला लावला आणि क्षणभर इंजिन चालू केलं. जोडावर टपोरे फुगे उठले. दोन्ही नट बोटांनी फिरत होते.

"एवढंच?" नवरा म्हणाला. टॉवेलचा काळा झालेला भाग त्याने आईला दिसणार नाही असा आत दुमडला.

खरं म्हणजे एवढंच मागच्या आठवड्यातही झालं होतं. तेव्हाही तिने नट आवळले होते, गाडी शहाण्यासारखी चालली होती, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा बोंब. इंजिनाच्या थरथरीने नट सैल होतात हे तिला ठाऊक होतं, म्हणून तेव्हा तिने नटांखाली स्प्रिंग वॉशरही घातले होते. ते वॉशर आता जागेवर नव्हते. नट होते, वॉशर नव्हते. थरथरीने नट ढिला होतो. पण नट काढून, खालचा वॉशर बाजूला ठेवून नट पुन्हा चढवणारी थरथर तिने अजून पाहिली नव्हती.

"कुणीतरी खोड्या करतंय," ती म्हणाली.

"समोरचा लाँड्रीवाला!" नवऱ्याचे डोळे चमकले. "रात्री कुत्रा का भुंकत होता म्हणतेस?"

"तो रोज भुंकतो. तुझ्यावर."

घरात एक नियम होता, खिसा उलटा केल्याशिवाय कपडा पाण्यात जायचा नाही. गिऱ्हाइकांच्या खिशांतून चाव्या, गोळ्या, एकदा तर एका आजोबांची कवळीही निघाली होती. संध्याकाळी घरचे कपडे टाकताना सुनेने सासऱ्यांचा खाकी शर्ट उचलला, सवयीने खिसा उलटा केला, आणि तिच्या तळहातावर पडले सुपारीचं खांड आणि दोन स्प्रिंग वॉशर.

तिने मशीन बंद केली. ड्रायरही. खोली इतकी शांत झाली की सासूबाईंनी पुटपुटणं मध्येच गिळलं.

सासरे दाराकडे पाठ करून पाना पुसत होते. "बाबा," सून नेहमीच्या, घरात बोलायच्या आवाजात म्हणाली. ते पुसत राहिले. "बाबा." पाना चमकायला लागला. मग ती समोर जाऊन बसली आणि तळहात उघडला.

सासऱ्यांनी वॉशर पाहिले, तिच्याकडे पाहिलं आणि पाना खाली ठेवला.

"ती बोलत नव्हती गं," ते म्हणाले. "चालू आहे का बंद, कळेना. एकदा चालू इंजिनालाच पुन्हा स्टार्टर मारला, दात कचकचले तिचे. हाताला कळलं, कानाला नाही. मग म्हटलं, थोडा घसा मोकळा करू. तेवढ्यापुरता."

"मला का नाही सांगितलंत?"

"आयुष्यभर कान लावून इंजिनं दुरुस्त केली. काय सांगू, कान गेला? मग पहाटे मुंगी कोण उठवणार? तू?"

सुनेला आता कळलं, या घरात सगळे ओरडत असल्यामुळे एका माणसाला ऐकू येत नाही हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिने उठून लांब स्क्रू ड्रायव्हर आणला. वॉशर घालून नट आवळले, मुंगी चालू केली, आवाजाची नुसती कुजबुज उरली. स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिने इंजिनाला टेकवलं आणि मूठ सासऱ्यांच्या कानामागच्या हाडावर दाबली.

सासऱ्यांचा चेहरा आधी ओशाळला, मग उजळला, आणि मग कपाळावर आठी पडली.

"टॅपेट वाजतंय, झडपांशी टकटक आहे. कुणी लक्ष दिलं नाही इतके दिवस?"

"पहाटे मुंगी तुम्हीच उठवायची," सून त्यांच्या तोंडासमोर सावकाश म्हणाली. "अशी. पण उद्या माझ्याबरोबर यायचं, आणि कान दाखवायचे."

"हिला सांगू नकोस," सासरे बायकोकडे बघत म्हणाले, स्वतःच्या समजुतीप्रमाणे हळू. ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं.

दुसऱ्या दिवशी मुंगी प्रसूतिगृहाच्या मागे येऊन उभी राहिली आणि एकही बाळ रडलं नाही. सिस्टर दचकून दारात आल्या. "आलात तर हाक तरी मारायची! उद्यापासून चादरी आतल्या खोलीत ठेवा," म्हणाल्या, आणि शेजारच्या कानाच्या डॉक्टरांचा दवाखानाही त्यांनीच दाखवला.

डॉक्टरांनी दोन्ही कानांतून जे काढलं ते पाहून सासरे आदराने म्हणाले, "एवढा कार्बन तर जुन्या सायलेन्सरमध्येसुद्धा नसतो."

परतताना त्यांनी मुंगी मध्येच थांबवायला लावली. "आवाज फार करते ही. नट आवळलेस ना नीट?"

घरी मशीन घरघरत होती. सासूबाई घड्या घालत होत्या. "आले मिरवून. निघाले तेव्हा बायकोला येतो म्हणायचीसुद्धा—"

"येतो म्हणालो होतो," सासरे दारातून म्हणाले. "तू पुटपुटत होतीस."

सासूबाईंच्या हातातली चादर सुटली. त्यांनी मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि मग जन्मात पहिल्यांदाच मोठ्याने, स्वच्छ विचारलं, "सूनबाई, यांच्या कानांचे नट पुन्हा सैल करता येतील का गं?"