मनगटाच्या वर

धाकट्या सुनेची अठरा वर्षं फुलांच्या दुकानात गेली होती. जेवणाच्या टेबलावरच्या फुलांना तिथे एकच नियम होता. कोपर टेबलावर टेकवून हात उभा धरायचा आणि फुलं मनगटाच्या वर जाऊ द्यायची नाहीत, म्हणजे समोरासमोर बसलेल्यांना एकमेकांची तोंडं दिसतात.

आज दुपारी मोठे दीर जेवायला येणार होते. दरवेळी पहिल्या घासालाच ते विचारायचे, "काय गं, अजून देठच कापतेस का?" आणि स्वतःच खो खो हसायचे.

तिने पसरट भांड्यात लाल जर्बेरा, पिवळी शेवंती, जांभळे ॲस्टर दाटीने खोचले. मग मधोमध हातभर उंच सूर्यफुलं लावली.

"अगं, फार उंच झालं," सासूबाई म्हणाल्या. "समोरचं माणूस दिसणार कसं?"

"समोर भावजी बसणार आहेत."

सासूबाई म्हणजे भावजींची सख्खी आई. त्यांनी क्षणभर विचार केला आणि बादलीतला सगळ्यात लांब ग्लॅडिओलस तिच्या हातात दिला.

जेवायला बसताच फुलांपलीकडून आवाज आला, "हे उचल बघू इथून. मला तुझं तोंडच दिसत नाहीये."

"हे देठ कापणारीचं टेबल आहे, भावजी," ती शांतपणे भाजी वाढत म्हणाली. "फुलं हलायची नाहीत. हलायचं असेल तर तुम्ही हला."