जिवंत पेडल

"आला! आला! अंगावर काटा आला!" पुढच्या रांगेतला ड्रमवाला ओरडला आणि तळघरातले सगळे हात एकदम वर गेले.

तीसेक माणसं होती, सगळी वाजवणारी. भिंतींना आणि छताला काळा स्पंज चिकटवलेला. खिडकी नावाला नाही. दार तिजोरीसारखं जाड आणि आतून कडी घातलेलं. "हवा हलली की सूर हलतो," असं दारावरच्या शिष्याने मला आत येतानाच बजावलं होतं. म्हणजे बैठक संपेपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही. आत श्वास घ्यायलाही जागा नव्हती. शेजारी माझा धाकटा भाऊ हात वर करून बसला होता आणि त्याच्या गुडघ्यांमध्ये त्याची गिटार होती. बैठक संपली की तो ती गिटार इथे कायमची देऊन टाकणार होता, आणि बदल्यात घेणार होता एक लोखंडी डबी.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगते. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मुळात जरा मिळमिळीतच असतो. मग वाजवणारा पायाशी एक डबी ठेवतो. तिला ओव्हरड्राइव्ह पेडल म्हणतात. पायाने दाबली की आवाजाला धार येते, घसा बसलेल्या गवयासारखी खरखर येते. अशा डब्या बाजारात ढिगाने मिळतात आणि कुठली सरस यावर गिटारवाले जेवणं सोडून भांडतात. मी स्वतः कीबोर्ड वाजवते, एका हॉटेलच्या बँडमध्ये, त्याच बँडमध्ये भाऊही आहे. ही भांडणं ऐकून माझे केस पांढरे झालेत.

पुढे स्टुलावर बसलेल्या दाढीवाल्याला सगळे गुरुजी म्हणत. मी मनातल्या मनात डिंकबाबा म्हणत होते, कारण त्याच्या प्रत्येक पेडलच्या पोटात काळा डिंक ठासून भरलेला असायचा.

"लोक विचारतात, गुरुजी, आत काय आहे?" डिंकबाबा डोळे अर्धे मिटून म्हणाला. "मी म्हणतो, आईच्या पोटात काय आहे हे कोणी चिरून बघतं का? यात वीज वाहत नाही, आठवण वाहते. हा डिंक नाही, कवच आहे. उघडलंत की प्राण गेला!"

"वा!" मागून कोणीतरी पुटपुटलं.

प्राण डिंकाने चिकटवून ठेवता आला असता तर डॉक्टर लोक घरी बसले असते, असं मला म्हणायचं होतं. पण दाराला कडी होती.

"आणि एक लक्षात ठेवा," तो पुढे म्हणाला, "ज्याचा कान मेलेला आहे त्याला फरक कळणार नाही. त्यात त्याचा दोष नाही. त्याने गुपचूप मागच्या रांगेत जाऊन बसावं."

झालं! आता सांगा, तीस वाजवणाऱ्यांपैकी कोण उठून मागे जाईल? वाजवणाऱ्या माणसाला एक वेळ चोर म्हणा, पण बहिरा म्हणू नका. हात वर न करणं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं. माझाही हात अर्धा वर गेला होता, खोटं कशाला बोलू.

भावाचं दुखणं मला ठाऊक होतं. दोन वर्षांपासून त्याची एकच रड होती. "ताई, माझा आवाज मेलाय. पूर्वी तारेला कशी चमक होती! आता कांबळं पांघरून वाजवतोय असं वाटतं." तारा बदलल्या, वायरी बदलल्या, सहा-सात पेडलं घेतली आणि विकली. प्रत्येक वेळी आवाज थोडा आणखी वाढवायचा. स्टेजवर त्याच्या शेजारी उभं राहवेना. घरी टीव्ही असा लावायचा की शेजारी भिंत ठोकायचे. अशातच तो या तळघरात आला, डिंकबाबाचं पेडल ऐकलं आणि रडला. खरंच रडला. घरी येऊन म्हणाला, "चमक परत आली गं!" पण डिंकबाबाचं पेडल विकत मिळत नाही. जुनं वाद्य द्यायचं, मग नवा जन्म मिळतो म्हणे. वाद्यंही तो पारखून घेतो, भंगार घेत नाही.

माझ्या दुसऱ्या बाजूला माझी भावजय बसली होती. ती कानाच्या दवाखान्यात लोकांचं ऐकणं तपासते. तिथूनच परस्पर आली होती, मांडीवर कामाची पिशवी. तिने नवऱ्याला किती वेळा सांगितलं असेल, एकदा तपासून घे म्हणून! तो म्हणायचा, "गिटारवाल्याचे कान तपासायचे? बँडमध्ये कळलं तर उद्या मला कोण उभं करेल?" दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

"आता पुन्हा एकदा," डिंकबाबा म्हणाला. "हे बाजारू पेडल. आणि हे माझं, जिवंत. नीट बघा. तिन्ही बटणं, इकडे बारावर, तिकडे बारावर. घड्याळासारखी सरळ. काही लपवाछपवी?"

"नाही गुरुजी!"

शिष्याने आधी बाजारू पेडल दाबून चार सूर वाजवले. मग जिवंत पेडल दाबून तेच चार सूर. आणि खरं सांगते, दुसरं चांगलं वाटलं. भरलेलं वाटलं, जवळ आल्यासारखं. भाऊ डोळे पुसत उठला आणि गिटार घेऊन पुढे निघाला. त्याला हाताला धरून बाहेर ओढावं तर बाहेर नव्हतंच कुठे.

"एक मिनिट हं," भावजय म्हणाली. आवाज अगदी दवाखान्यातला, गोड. "बटणं सारखी आहेत हे बघितलं. आवाज सारखा आहे का?"

"बटणं सारखी म्हणजे आवाज सारखाच!" शिष्य म्हणाला.

"दोन वेगळ्या गाड्यांचे पेडल सारखेच दाबले तर वेग सारखा असतो का?"

कोणीतरी फिस्स करून हसलं. तिने पिशवीतून मुठीत मावेल असं एक यंत्र काढलं. "हे आवाज मोजतं. रोज वापरते मी. पुन्हा तेच चार सूर वाजवाल?"

डिंकबाबाची दाढी हलली. "ताई, श्रद्धा मोजायला यंत्रं आणली की पेडल झोपतं."

"मग उठवा ना त्याला," मी म्हणाले. मला राहवेना. "की दिवसाढवळ्या झोपायची सवय आहे?"

आता तीस डोकी आमच्याकडे वळली. "बायकांना कशाला आणता रे?" असं कोणीतरी म्हणालंच. पण ड्रमवाल्याला कुतूहल वाटलं. तो म्हणाला, "गुरुजी, होऊन जाऊ दे. खऱ्याला काय भीती?" शिष्याने वाजवलं. यंत्रावरचा आकडा ड्रमवाल्याने मोठ्याने वाचला. मग जिवंत पेडलवर वाजवलं. आकडा तीन डेसिबलने वर गेला.

"एवढंच?" शिष्य म्हणाला. "तीनच?"

"एवढंच पुरतं," भावजय म्हणाली. "आवाज एवढासा वाढला की कानाला तो मोठा वाटत नाही. भरदार वाटतो, स्वच्छ वाटतो, चांगला वाटतो. माझा, तुमचा, सगळ्यांचाच कान असा बनलेला आहे. दोन गोष्टींची तुलना करायची तर आधी त्या सारख्या जोराने वाजायला हव्यात."

तिने यंत्र बघत बघत जिवंत पेडलचं आवाजाचं बटण खाली आणलं. बारावरून साडेदहावर. आकडे जुळले. मग कोपऱ्यातला एक रिकामा खोका दोन्ही पेडलांवर पालथा घातला, त्याला शिष्याचा पाय जाईल एवढं भोक पाडलं आणि सगळ्यांना पाठ करून बसायला सांगितलं. "जिवंत वाटेल तेव्हा हात वर करा."

चार सूर वाजले. आठ हात वर. पुन्हा वाजले. अकरा हात, वेगळेच. एकदा तर तिने शिष्याला पाय हलवूच दिला नाही, तेच पेडल लागोपाठ दोनदा वाजलं, आणि तरी ड्रमवाला म्हणाला, "हे! हे जिवंत!" वळून, खोका उचलून बघतो तर बाजारू. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग तो स्वतःच्याच कपाळावर हात मारून हसायला लागला. आयुष्यभर कानावर जगणारी ही माणसं, आणि तुलना करत होती डोळ्यांनी! बटण बारावर दिसलं की झाले खूश.

मागच्या एकाने आधीच आपलं वाद्य देऊन जिवंत पेडल मिळवलं होतं. तो उठला, आपल्या पेडलचं झाकण काढून किल्लीने डिंक खरवडायला लागला. डिंकबाबा ओरडला, "प्राण जाईल!" डिंक निघाला. आत हिरवी पट्टी, तिच्यावर त्या बाजारू पेडलच्याच कंपनीचं नाव छापलेलं. जुनाच माल, नवीन डबीत. बदललेलं होतं ते फक्त आवाजाचं बटण, बारावर असताना थोडा जास्त आवाज सोडेल असं.

मला वाटलं, सुटलो. कुठलं काय!

कारण आता कोणी वाजवत नव्हतं आणि खोलीत शांतता होती. जिवंत पेडल चालूच होतं आणि त्या शांततेत स्पीकरमधून बारीक सूंऽऽ असा आवाज येत होता. ड्रमवाला म्हणाला, "एवढं करून वर सूं-सूं पण करतंय हे. बंद करा रे, कानात सुई घातल्यासारखं होतंय."

"कुठली सूं-सूं?" भाऊ म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याला वाटलं, थट्टा चाललीय. तो खाली वाकला, कान स्पीकरजवळ नेला. "काहीच नाहीये. ठार शांत आहे."

भावजयीच्या हातातलं यंत्र खाली आलं. ती काही बोलायच्या आत डिंकबाबा स्टुलावरून उठला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, त्याला तर ओंडकाच सापडला.

"बघा!" तो गरजला. "तुम्हाला कचरा ऐकू येतो, कारण तुमची मनं कचऱ्याने भरलीत. याला फक्त सूर ऐकू येतो! यालाच म्हणतात सिद्धी! पोरा, जिवंत पेडलने तुला निवडलंय!"

आणि काय सांगू, ज्या लोकांनी मिनिटापूर्वी डिंक खरवडताना बघितला होता, त्यांच्यातलेच दोघेतिघे "खरंच की!" म्हणाले. भाऊ मधोमध उभा होता. एकीकडे हा बाबा त्याला देव बनवत होता, दुसरीकडे बायको हातात यंत्र धरून उभी होती. बाबाचं खरं मानलं तर तो सिद्ध, बायकोचं मानलं तर तो बहिरा होत चाललेला. त्याच्या जागी मी असते तर मीही बाबाकडेच बघितलं असतं. तो बाबाकडे बघतच होता. हसायलाही लागला होता, थोडंसं.

मग तो माझ्याकडे वळला. लहान असताना अंधारात हाक मारायचा ना, तशा आवाजात म्हणाला, "ताई, तुला येतेय ऐकू?"

नाही म्हणावंसं वाटलं. देवाशप्पथ वाटलं.

"येते रे," मी म्हणाले. "चांगली मोठी आहे."

त्याने मान हलवली. गिटार पाठीला अडकवली, दाराशी गेला आणि शिष्याला म्हणाला, "कडी काढ." शिष्याने गुरुजींकडे बघितलं. "काढ म्हणतोय ना!" भाऊ असा काही ओरडला की कडी निघाली.

डिंकबाबाचं पुढे काय झालं? काही नाही. ज्यांची वाद्यं गेली होती त्यांतल्या काहींना ती परत मिळाली, आणि बाबा कुठल्यातरी दुसऱ्या तळघरात बारावर बटणं लावून बसला असेल. त्याची मला चिंता नाही. मला तुम्हाला सांगायचंय ते त्याच आठवड्यात दवाखान्यात झालं ते.

तपासणीची खोली म्हणजे कपाटाएवढी. तिलाही भिंतीला स्पंज, तिचंही दार जाड. भाऊ आत बसला, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं, एवढंच काम. काचेच्या बाहेर भावजय यंत्रावर आणि तिच्या शेजारी मी. सुरुवातीला तो पटापट दाबत होता. मग सूर बारीक होत वर जायला लागले. भावजय एक कळ दाबायची, थांबायची, आवाज वाढवून पुन्हा दाबायची. तो आमच्याकडे बघून हसत होता, पाय हलवत होता.

बऱ्याच वेळाने तो काचेआडून ओरडला, "अगं, सुरू कर ना!"

भावजयीने कळेवरचं बोट उचललं नाही. तिचे डोळे भरून आले होते. सूर चालूच होता.

मोठ्या आवाजाने कानातलं जे गेलं ते परत येत नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. उरलंय ते वाचवता येतं. भाऊ आता कानात बोळे घालून वाजवतो आणि आवाज किती ठेवायचा ते मी ठरवते. वाजवतो छान. पण ती दोन वर्षं, जेव्हा तो चमक शोधत रोज आवाज वाढवत होता आणि रोज थोडी आणखी गमावत होता, ती त्याला कुठलाच बाबा परत देणार नाही.

म्हणून हात जोडून सांगते. कोणी चमत्कार दाखवला तर त्याला म्हणा, सारखं करून दाखव, झाकून दाखव. आणि सगळ्या खोलीचे हात वर गेले तरी तुम्हाला ऐकू आलं नसेल, तर हात खाली ठेवा आणि मोठ्याने म्हणा, "मला ऐकू येत नाही." यात कसलीही लाज नाही. माझ्या भावाने हे दोन वर्षं आधी म्हटलं असतं, तर दवाखान्यातला तो सूर त्याला ऐकू आला असता.