दातवाला मारोती

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो. पण जन्माने दगड नव्हे. वऱ्हाडातला काळा खडकही तयार झाला नव्हता, तेव्हा मी एका प्राण्याचं डोकं होतो. निम्मा सरडा, निम्मा कुत्रा असा काहीसा आमचा अवतार! तोंडात मात्र पुढे बारीक दात, बाजूला सुळे, मागे दाढा, अगदी तुमच्यासारख्या. गाय, मांजर, माणूस, सगळ्यांच्या पूर्वजांचा मी भाऊबंदच.

चांद्याकडे कोळशाच्या खाणीत कामाला गेलेल्या खेमाने मला तांबड्या मातीतून उकरलं आणि मेडशी गावात बहिणीला, धुरपताबाईला, आणून दिलं. पुढच्याच वर्षी खाण ढासळली आणि खेमा तिच्यात राहिला. धुरपताबाईने मला बांधावर बसवून शेंदूर फासला. झालो मी मारोती! दर शनिवारी तेल, रुईची माळ. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

एकदा शेंदराची खपली पडली आणि शाळेचे शिखरचंद मास्तर माझ्यापुढे उकिडवे बसले. त्यांनी माझे दात तीनदा मोजले, मनातल्या मनात.

"धुरपताबाई, हे कोट्यवधी वर्षांमागचं जनावर आहे. मी नागपूरच्या संग्रहालयाच्या साहेबाले पत्र धाडतो. तिथं कपाटात ठेवतीन, खाली कोनाले सापडलं त्याचं नाव लावतीन."

"माह्या खेमाचं नाव?"

"छापून."

"मंग न्या," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली.

साहेब येणार म्हटल्यावर तिला घोर लागला. गावात जात्यांना टाकी लावायला पाथरवट आला होता, त्याला तिने बांधावर आणलं. "सायब पाह्यले येऊन राह्यला, अन् देवाचं तोंड असं इचकलेलं! जरा सारकं करून दे रे बाबा."

दहा-बारा घाव. डोंगरांखाली टिकलेले माझे दात भुगा झाले. मला ओरडता आलं नाही हो!

साहेबांनी मला उलटसुलट करून पाहिलं. "मास्तर, दात कुठे आहेत?" दातांशिवाय हे जनावर कोणतं, ते ठरवता येईना. साहेब निघून गेले.

"अन् खेमाचं नाव?" धुरपताबाईने विचारलं.

"चूक माही हाय, बाई," मास्तर म्हणाले. "दातांचं मी तुमाले सांगतलंच नाही."

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर ती नीटनेटकी करण्याआधी थांबा. आणि तिचं मोल तुम्हाला कळलं असेल, तर ज्याच्या हातात ती आहे त्यालाही बोट लावून दाखवा.

धुरपताबाई आता मला मारोती म्हणत नाही. शनिवारी तेल लावते, माझ्या गुळगुळीत तोंडावरून हात फिरवते आणि विचारते, "खेमा, जेवला का रे?"