वरच्या बोल्टवरची लाल रेघ

उस्तादांचा उजवा खांदा गेला, तेव्हा आता गॅरेजला टाळं लागणार असं लोकांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं. मुलगा होता, नाही असं नाही. पण तो बँकेत, आणि वाटेत चाक पंक्चर झालं की गाडी कडेला लावून बायकोला फोन करणारा. बायको यायची, चाक बदलायची, आणि साहेब तेवढा वेळ छत्री धरून उभे. उस्तादांनी हा प्रकार दोनतीनदा पाहिला आणि एका सकाळी सुनेच्या हातात पाना दिला. लोक हसले. हसतील त्यांचे दात दिसतील, असं म्हणून उस्ताद कामाला लागले.

त्यानंतर सुनेने क्लच शिकला, ब्रेक शिकले, इंजिन उघडून पुन्हा जुळवायला शिकली. फक्त पुढच्या चाकांचं काम उस्ताद तिला एकटीला करू देत नसत. इंजिन बंद पडलं तर माणूस रस्त्यात उभा राहतो, म्हणायचे, पण पुढचं चाक दगा देतं तेव्हा माणूसच राहत नाही. अशा कामाच्या वेळी ते तिच्या डोक्याशी स्टूल टाकून बसत, आणि काम झालं की पहिल्या फेरीला ड्रायव्हरच्या शेजारी बसून निकाल देत. ती शेजारची जागा गॅरेजात न्यायाधीशाची मानली जाई.

त्या दिवशी नर्सबाईंची गाडी आली ती लंगडतच. गटाराच्या कडेवर आदळून पुढचं डावं चाक आत झुकलं होतं. सुनेने खाली वाकून पाहिलं आणि म्हणाली, "नकल वाकलाय." नकल म्हणजे ज्या जाडजूड बिडाच्या तुकड्यावर ते सगळं चाक तोललेलं असतं आणि स्टिअरिंग फिरवलं की जो चाकाला वळवतो, तो. वाकला की सरळ करत बसायचं नाही, नवा घालायचा.

"उस्ताद, हे तुम्ही स्वतः करा," नर्सबाई म्हणाल्या. "मला आज घाटावरच्या वस्तीत जायचंय. दिवस भरलेली बाई आहे तिकडे. तुमच्या सुनेबद्दल माझं काही म्हणणं नाही हो, पण मला तुमचा हात हवा."

सून तिथेच उभी होती. तिने ऐकलं आणि मुकाट्याने जॅक आणायला गेली. उस्ताद म्हणाले, "मी इथेच आहे, बाई." यात हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं, आणि हे त्यांचं त्यांना कळत होतं. नर्सबाईंचं तोंड म्हणजे गावाचा भोंगा. आज काम चोख झालं तर उद्यापासून लोक पुढच्या चाकांची कामंही सुनेकडे बिनधास्त आणतील. चुकलं, तर पुन्हा कोणी आणणार नाही, आणि आपण किती दिवस पुरणार?

सुनेने गाडी उचलून लोखंडी घोडीच्या टेकूवर ठेवली. चाक काढलं, ब्रेकचा कॅलिपर तारेने वर बांधला, त्याच्या नळीला ताण पडू नये म्हणून. मग टाय रॉडचा, म्हणजे स्टिअरिंगकडून नकलला ओढणाऱ्या दांड्याचा सांधा. इथे नवशिका घाई करतो, बोल्टच्या आट्यांवरच हातोडा घालतो आणि त्या आट्यांचं वाटोळं करतो. सुनेने नट टोकाशी तसाच राहू दिला आणि नकलच्या कानावर बाजूने नेमके घाव घातले. सांधा टपकन सुटला. उस्तादांना हे जमायला दोन वर्षं आणि त्यांच्या गुरूच्या असंख्य शिव्या लागल्या होत्या. त्यांचा ऊर भरून आला, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "हं. पुढे."

जुना नकल निघाला तेव्हा तिने तो नव्याच्या शेजारी बाकावर ठेवला आणि दोन्हींवरून बोटं फिरवली. वाक इतका बारीक होता की बघणाऱ्याला वाटावं, हिला भास झालाय. बेअरिंग दाबून बसवलं, नवा नकल जागेवर चढवला, खालचा सांधा, टाय रॉड, आणि शेवटी शॉकअॅब्सॉर्बरला धरणारे वरचे दोन दणकट बोल्ट. ते तिने टॉर्क पान्याने आवळले, ठरलेला जोर भरल्याचा टक असा आवाज येईपर्यंत. उस्तादांना तो पाना पटत नसे. त्यांच्या काळी खांदा सांगायचा, बस झालं.

मग सुनेने खिशातून लाल नेलपॉलिशची बाटली काढली. सासूबाईंची. प्रत्येक नटावरून थेट खालच्या लोखंडापर्यंत तिने एकेक बारीक रेघ ओढली.

"नटाला नटवतेस होय? लग्नाला निघालाय का?" उस्ताद म्हणाले. हे ते दर वेळी म्हणत.

"हलला तर रेघ तुटते, अप्पा. मग कळतं." हेही ती दर वेळी सांगे.

तेवढ्यात मागच्या घरातून सासूबाईंनी चहाची हाक दिली. सून हात धुवायला गेली. नर्सबाई बाहेर फोनवर कोणाला तरी कळा किती वेळाने येतायत ते विचारत होत्या. गॅरेजात उस्ताद आणि ती चाक काढलेली गाडी, दोघंच उरले.

जित्याची खोड, दुसरं काय. दुसऱ्याने आवळलेला नट स्वतः सोडून पुन्हा आवळल्याशिवाय उस्तादांना आयुष्यात कधी चैन पडली नव्हती. सोडताना जो जोर लागतो त्यावरून तो कसा आवळला होता हे त्यांना कळायचं. त्यांनी लांब पाना लावला, त्याला पाइप जोडला आणि अंगाचं वजन टाकलं. वरचा बोल्ट चांगला कण्हत सुटला. शाब्बास, पोरी. असाच लागतो. आता परत आवळायचा. पण आवळताना पाना खालून वर ओढायचा होता, आणि तिथे वजन उपयोगाचं नाही, तिथे खांदा लागतो. कानापर्यंत कळ गेली. डाव्या हाताने जेवढा ओढला गेला तेवढा ओढला. झालं, बसला, असं स्वतःला सांगून ते स्टुलावर येऊन बसले. चष्मा घरात राहिला होता आणि लाल रेघ त्यांच्या ध्यानातही नव्हती.

सून आली. चाक चढवण्याआधी बॅटरीचा झोत सगळ्या रेघांवरून फिरवायचा, ही तिची पद्धत. झोत खालून वर गेला आणि वरच्या बोल्टवर थांबला. नटावरची रेघ एकीकडे आणि लोखंडावरची दुसरीकडे. तिने टॉर्क पाना लावला. नट बराच फिरला आणि मग कुठे टक आवाज आला.

"काय झालं?" नर्सबाई फोन ठेवून आत आल्या होत्या.

"वरचा बोल्ट सैल होता," सून म्हणाली. "चाकाचा कोन पुन्हा बघावा लागेल. थोडा वेळ द्या मला."

"सैल? घाटात जायचंय मला." नर्सबाईंचा आवाज चढला. "तरी मी म्हटलं होतं, उस्ताद, तुम्ही स्वतः हात लावा."

सुनेने एकदा उस्तादांकडे पाहिलं. गॅरेजात माणसं दोनच, आणि नट सोडून बघायची खोड एकाचीच. तिला सगळं कळलं होतं. पण तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "मी नीट करून देते, बाई. चूक झाली."

उस्तादांनी फक्त गप्प बसायचं होतं. जन्मभर कमावलेलं नाव शाबूत राहिलं असतं, सुनेने तर चूक आपल्या अंगावर घेतलीही होती. या पोरीने आपली इज्जत झाकायला स्वतःची उघड्यावर टाकली, आणि आपण स्टुलावर बसून बघतोय.

ते उठले.

"बाई, तो बोल्ट तिने चोख आवळला होता. ती चहाला गेली तेव्हा मी सोडला. बघायला, की हिला जमलंय का. आणि परत आवळायला गेलो, तर माझ्याच्याने तो आवळला गेला नाही." त्यांनी उजवा हात पुढे केला. तो खांद्याच्या वर जात नव्हता. "तुम्हाला माझा हात हवा होता ना? हा माझा हात. आणि ही तिची रेघ. मी तिची चेष्टा करत होतो. आज ही रेघ नसती तर तुम्ही माझं काम घेऊन घाट चढला असता."

नर्सबाई त्या रेघेकडे बघत राहिल्या.

"अप्पा," सून शेवटी म्हणाली. तिचा आवाज जरा ओला होता. "आता तुमच्या हातावरपण एक रेघ ओढून ठेवते. माझ्या कामावरून फिरला की कळेल."

आधी नर्सबाई हसल्या, मग उस्ताद, मग ती.

कोन जुळवून, चाक चढवून पहिल्या फेरीची वेळ आली. सून स्टिअरिंगवर बसली आणि सवयीने शेजारचं दार उघडून थांबली. उस्तादांनी नर्सबाईंना तिथे बसायची खूण केली आणि स्वतः मागे जाऊन बसले. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाच्या गाडीत ते पहिल्यांदा मागे बसत होते. गोदामांमागच्या सरळ रस्त्यावर सुनेने वेग घेतला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले. गाडी सरळ गेली, ना डावीकडे ना उजवीकडे. नर्सबाईंनी मागे वळून पाहिलं. उस्ताद खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी निकाल दिला नाही. त्यांना तो विचारलाही नव्हता.

नर्सबाई घाटाकडे गेल्या. ऊन उतरता उतरता एक टेम्पोवाला दारात येऊन उभा राहिला. पुढचं चाक खडखडतंय म्हणाला.

"उस्ताद आहेत का?"

म्हातारा स्टुलावर बसून पाने पुसत होता. समोरच्या गाडीखालून दोन बूट बाहेर आले होते.

"आहेत की," तो बुटांकडे बोट दाखवून म्हणाला. "गाडीखाली आहेत. बसा जरा, येतील बाहेर."