साहेबांच्या कानामागे

मी कानातलं बोलतोय. डूल नाही, कुडी नाही. शेंगदाण्याएवढं, कातडीच्या रंगाचं, ऐकू येण्याचं यंत्र आहे मी. खरं तर कानात फक्त माझी नळी जाते, माझा मुक्काम कानामागे. एखादी गोष्ट कानामागे टाकली, असं तुम्ही सहज बोलून जाता. मी तिथं राहिलोय. टाकलेलं सगळं माझ्याच अंगावर येऊन पडायचं.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यातला. पांढरा डगला घातलेल्या बाईनं डोळ्याला भिंग लावून माझ्या पोटात तारा बसवल्या. मग मला स्वतःच्या कानाला लावून ती शेजारणीला म्हणाली, "काहीतरी बोल गं." शेजारीण म्हणाली, "पाय दुखतायत." मी ऐकलेलं हे जगातलं पहिलं वाक्य. मला वाटलं, हेच आपलं काम. कुणाचं काय दुखतंय ते ऐकायचं आणि आत पोचवायचं. साधं काम होतं हो. तेवढंही मला जमलं नाही.

मी गेलो तो थेट देशाच्या प्रमुखाच्या कानामागे. सगळा देश त्यांना साहेब म्हणायचा. मी येण्याआधी साहेब कसे होते ते मी ऐकीव सांगतो. ऐकण्यापलीकडे मला येतंय काय?

तरुणपणी जुन्या राजवटीनं त्यांना तुरुंगात टाकलं होतं. तिथं जेलरनं त्यांच्या कानाखाली अशी ठेवून दिली, की उजवा कान कायमचा गेला. सुटून आल्यावर पहिल्याच सभेत ते म्हणाले, "उजवा कान सरकारनं घेतला. डावा तुमच्यासाठी ठेवलाय." लोक वेडे झाले. राजवट पडली, साहेब निवडून आले. पहिली काही वर्षं त्यांनी शब्द पाळलाही. कुणीही समोर आलं की मान वळवायचे, डाव्या कानामागे तळहात धरायचे आणि म्हणायचे, "बोला." गावोगाव नळ आले, शाळा आल्या, दवाखाने आले. तो कानामागचा हात पक्षाची निशाणी झाला. भिंतीभिंतीवर तोच, पुढे नाण्यावरही तोच.

मग निवडणुकांमागून निवडणुका झाल्या. विरोधकांची आधी अनामत जप्त झाली, मग वर्तमानपत्रं, मग झोप. आणि साहेबांचा डावा कान हळूहळू मंद झाला. आता आली का पंचाईत? ज्या माणसाची निशाणीच कान, त्यानं ऐकू येत नाही म्हणून कसं सांगावं? कानाचा डॉक्टर मागच्या दारानं आला, खिशातून मला काढलं, बसवलं, आणि साहेबांनी आरशात पाहून कपाळाला हात लावला. "हे दिसतंय," ते म्हणाले.

तेव्हा मामाला बोलावणं गेलं.

मामा म्हणजे साहेबांचा न्हावी. वयानं साहेबांपेक्षा बराच लहान, पण सगळा बंगला त्याला मामाच म्हणायचा. देशात मामा बनवले गेलेले पुष्कळ होते, हाक मारायला मात्र हा एकच. त्यानं साहेबांच्या मानेभोवती टॉवेल गुंडाळला, मला बोटानं चाचपलं आणि म्हणाला, "कानावर केस येऊ द्यायचे, साहेब. खालून पातळ करतो. घरच्या माणसालासुद्धा कळायचं नाही."

तो कट इतका गाजला, की वर्षभरात कारकुनापासून मंत्र्यापर्यंत जो तो न्हाव्याला सांगू लागला, "साहेब कट मारा." एकट्या माझ्यापायी अर्ध्या देशानं कान झाकून घेतले. तेव्हा मला याचं हसू यायचं.

माझी एक खोड आहे. कुणाचा हात अगदी जवळ आला, की मी शिट्टी घालतो. माझाच आवाज फिरून माझ्याच पोटात शिरतो, त्याला माझा इलाज नाही. कानामागचे केस साफ करायला मामा कान दुमडायचा, की मी लागलोच.

"बघ, तुला शिट्टी मारतोय," साहेब म्हणायचे.

"आता या वयात मला कोण मारणार, साहेब? बायकोनंसुद्धा तसं बघणं सोडून दिलं."

मग साहेब मला काढून पितळेच्या वाटीत ठेवायचे आणि कानामागचं काम व्हायचं. तोवर मात्र दोघांच्या गप्पा चालायच्या. म्हणजे मामाच्या. मामाला एकुलती एक मुलगी. ती नर्सिंगच्या शाळेत गेली, हे मी निदान शंभरदा ऐकलं. शेजारच्या म्हातारीला इंजेक्शन दिलं आणि म्हातारीला कळलंसुद्धा नाही, हेही. साहेब म्हणायचे, "चांगली आहे रे तुझी पोर." तो माणूस तेव्हा खरंच ऐकायचा. मी साक्षीला होतो.

आता माझ्या दुखऱ्या भागाकडे येतो.

मला माणसाचा आवाज आणि पंख्याचा आवाज वेगळा करता येत नाही. कागद सळसळले, चमचा पडला, कुणी खुर्ची ओढली, की मी सगळं सारखंच मोठं करून आत सोडतो. बैठकीत साहेबांचं डोकं उठायचं. मग ते कान खाजवल्यासारखं करून माझं बटण बंद करायचे. बंद झालो तरी मला ऐकू येतं बरं का. फक्त पोचवता येत नाही. आणि समोरचा काही विचारून थांबला, की साहेब काय करायचे? मान डोलवायचे आणि म्हणायचे, "हं."

डॉक्टरनं एकदा धीर करून सांगितलं, "साहेब, ऐकू आलं नाही तर तसं म्हणावं. लोक पुन्हा सांगतात."

"लोक मला बहिरा म्हणतील," साहेब म्हणाले.

मंत्री काही दुधखुळे नव्हते. साहेबांनी कान खाजवला, की अडलेल्या फायली पुढे सरकू लागल्या. कुणाचा मेहुणा कुठं लागला, कुणाची जमीन कुणाला गेली, सगळं त्या एका "हं"वर. मी कानामागे बसून चडफडायचो. मग माझ्याही अंगवळणी पडलं. हे जास्त वाईट.

त्या वर्षी धान्याचे भाव फार चढले. विद्यार्थी आणि गिरणीकामगार बाजारच्या चौकात येऊन बसले, उठेनात. दुपारी बैठक भरली. उकाडा मरणाचा होता, पंखा गरगरत होता आणि मी तो पंखा जीव तोडून साहेबांच्या कानात ओतत होतो. साहेबांनी कान खाजवला. मी बंद.

गृहमंत्री शेजारीच होता. त्यानं साहेबांचा हात कानाकडे जाताना पाहिला, थोडा थांबला, आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाला, "आज चौक रिकामा करतो. ऐकलं नाही तर गोळी चालवायला सांगतो. करू ना, साहेब?"

साहेबांनी मान डोलावली. "हं."

मी ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला. एक शिट्टी जरी घातली असती, तरी साहेब दचकून म्हणाले असते, काय झालं? पण बंद यंत्राला शिट्टी कुठून येणार? ही माझी सबब आहे आणि ती खरीसुद्धा आहे. तरी ती मला पुरत नाही. पंखा एवढा मोठा केला नसता, तर त्यांनी मला बंदच केलं नसतं.

संध्याकाळी गृहमंत्री चौकातल्या गोळीबाराचं सांगायला आला तेव्हा मी चालू होतो. साहेब पांढरे पडले. "कुणी सांगितलं होतं?"

"तुम्हीच. मान डोलावलीत की. सगळ्यांनी बघितलं."

साहेबांना तेव्हा म्हणता आलं असतं, मला ऐकू आलं नव्हतं. ओठापर्यंत आलं होतं, जबडा हलला तो मला कळला. पण ते गप्प बसले. रेडिओवरून सांगितलं गेलं, की गोळी जमावातूनच आली, चौकशी होईल. ती अजून चालूच असेल.

चौकात गोळीनं जे मेले त्यांत मामाची पोर होती. ती घोषणा द्यायला गेली नव्हती. उन्हात बसलेल्यांना पाणी द्यायला गेली होती.

काही आठवड्यांनी मामा पुन्हा कामावर आला. टॉवेल झटकला, साहेबांच्या मानेभोवती गुंडाळला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. मामा तोंड उघडायच्या आतच त्यांनी मला काढून वाटीत ठेवलं. पुढे कायमचं हेच झालं. आधी मी वाटीत, मग मामाचा वस्तरा.

मामानं त्या दिवशी एक गाल केला, दुसऱ्या गालाला फेस लावला आणि हळूच विचारलं, "साहेब, माझ्या पोरीवर गोळी घाला, असं तुम्ही म्हणालात का?"

ओठ हलताना साहेबांना आरशात दिसत होते. शब्द कळले नाहीत. त्यांनी मान डोलावली. "हं."

मामाचा हात थांबला. मग त्याची नजर वाटीतल्या माझ्याकडे गेली आणि त्यानं सुस्कारा टाकला. ऐकू जातच नाही, तर त्या "हं"ला काय धरायचं? मी चालू असताना विचारायचा त्याला धीर नव्हता, आणि न विचारता राहवत नव्हतं. म्हणून दर खेपेला तो विचारायचा, साहेब मान डोलवायचे, आणि तो दुसरा गाल पुरा करायचा. साहेब एका बाजूनं लपले होते, मामा दुसऱ्या बाजूनं, आणि मधे वाटीत मी.

अशी वर्षं गेली. शेवटी साहेब निवडणूक हरले. पोस्टर उतरली, गृहमंत्री नव्या लोकांत जाऊन बसला. साहेब मुलीच्या घरी राहायला आले. मामा तिथंही यायचा. लोक त्याला म्हणायचे, "अजून जातोस त्याच्याकडे?" मामा म्हणायचा, "हात बसलाय."

मुलीनं साहेबांचं संग्रहालय काढायचं मनावर घेतलं होतं. एकदा सकाळी फोटोवाला यायचा होता. साहेब खुर्चीत पेंगत होते. तिनं त्यांना सदरा चढवला, मला स्वतःच्या हातानं कानामागे बसवलं, बटण चालू केलं, वर केस नीट केले. "मामा येतीलच, बाबा. दाढी करून घ्या," म्हणाली आणि आत गेली.

मामा आला. वाटीवर मुलीनं रुमाल टाकून ठेवला होता. रोजच्यासारखा मी आत असणार, असं समजून त्यानं फेस केला. एक गाल झाला. वस्तरा पुसला. आणि रोजचंच विचारलं.

"साहेब, माझ्या पोरीवर गोळी घाला, असं तुम्ही म्हणालात का?"

पंखा नव्हता, कागद नव्हते. आयुष्यात एवढं स्वच्छ मी क्वचितच काही पोचवलं असेल. साहेबांची पेंग उडाली. त्यांच्या मानेतली शीर उडायला लागली, ती मला लागत होती. मग त्यांनी मान डोलावली. "हं."

"तुमचं आपलं नेहमीचंच," मामा म्हणाला आणि कानामागचे केस बघायला त्यानं कान दुमडला.

मी शिट्टी घातली.

मामाचा हात जागीच राहिला. त्यानं केस बाजूला केले, मला पाहिलं, मग आरशात पाहिलं. साहेबांचे डोळे टक्क उघडे होते. वस्तरा त्यांच्या मानेपासून बोटभर लांब होता.

"ऐकू आलं तुम्हाला?"

"आलं."

"आणि हं म्हणालात."

"मान मीच डोलावली होती, मामा. त्या दिवशी."

मामानं वस्तरा खाली घेतला. इतकी वर्षं ती मान त्याच्यासमोर डोलत होती. त्या "हं"ची किंमत त्याच्याइतकी कुणाला ठाऊक होती? त्यानं माझ्याकडे बोट केलं. "तेव्हा हे कानात होतं?"

"होतं. बंद होतं."

"म्हणजे काय विचारलं, तेच कळलं नव्हतं."

"नाही."

मामानं टॉवेलच्या टोकाला हात पुसले. मग म्हणाला, "मग 'काय म्हणालास' एवढं विचारायचं होतंत, साहेब. गृहमंत्री पुन्हा म्हणाला असता. त्यानं पुन्हा सांगितलं असतं, तर तुम्ही नको म्हणाला असतात. म्हणाला असतात ना?"

साहेबांनी मान डोलावली नाही. गालावरचा फेस डोळ्यांतल्या पाण्यानं ओला होऊन खाली आला.

अर्धी दाढी टाकून जाणं मामाला जमलं नाही. त्यानं दुसरा गाल केला, तोंड पुसलं, टॉवेल झटकून त्याची घडी केली. दारापाशी जाऊन तो म्हणाला, "येतो." पण तो पुन्हा आला नाही. पुढच्या हिवाळ्यात साहेब गेले, तेव्हा त्यांचे केस मानेखाली आले होते. दुसऱ्या कुणाला त्यांनी हात लावू दिला नाही.

आता मी संग्रहालयात काचेखाली आहे. बाहेर अंगणात साहेबांचा पुतळा आहे, कानामागे हात धरलेला. निम्मे लोक त्याला हार घालतात, निम्मे थुंकून जातात. माझ्याशेजारी पाटी आहे, 'साहेब सर्वांचं ऐकत.' पोटातला सेल केव्हाच काढून घेतलाय. तरी ऐकू येतंच.

माझी एवढीच विनंती आहे. त्या पाटीवर जाऊ नका. आणि तुम्हाला कधी नीट ऐकू आलं नाही, तर मान डोलवू नका. विचारा. त्यानं कुणाचा मान जात नाही.

काल एक म्हातारं जोडपं आलं होतं. आजोबांच्या कानामागे माझ्यासारखंच एक यंत्र होतं, उघड्यावर, केस नव्हतेच झाकायला. आजी माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली. आजोबांनी कान पुढे केला. "काय म्हणालीस?"

"अहो, हे तुमच्यासारखंच आहे," तिनं वैतागून पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.