कस्तुराबाईच्या पातेल्यापुढची हजेरी

रविवारी संध्याकाळी परभणीतल्या कॉलेजाजवळच्या सगळ्या खानावळी बंद असतात. हा कायदा कुणी केला ठाऊक नाही, पण तो मोडलेला मी चाळीस वर्षांत पाहिला नाही. दुपारच्या ताटात एक जिलबी जास्त वाढतात आणि रात्रीचं तुमचं तुम्ही बघा म्हणतात. त्यामुळे सहा वाजले की फाटकासमोरच्या रस्त्यावर पाच-सहाशे भुकेली पोरंपोरी उतरतात आणि गाडेवाल्यांचा आठवडा त्या दोन तासांत निघतो.

धम्मपाल आणि मी नेमके त्याच वेळेला तिथं जातो. आम्हाला घरी जेवायला मिळतं, तरीही जातो. याच कॉलेजात शिकताना आम्ही याच रस्त्यावर अर्धपोटी हिंडलो आणि पेन्शन सुरू झाल्यावर ती सवय परवडू लागली.

आमचं ठिकाण ठरलेलं. कस्तुराबाईचा सुशीलेचा गाडा. मराठवाड्याबाहेर सुशीला म्हटलं की लोक बाईचा पत्ता विचारतात. आमच्याकडे ती प्लेटमध्ये येते. मुरमुरे भिजवून पिळायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायचे, वर डाळ्याचं कूट, कोथिंबीर, लिंबू. पंधरा रुपयांत माणूस दुसऱ्या दिवसापर्यंत देशाबद्दल चांगलं बोलतो.

त्या रविवारी गाड्याशेजारी एक टेंपो उभा होता आणि त्याला टेकून कस्तुराबाईचा मुलगा नागेश. तो पुण्याला कंपनीत असतो.

"काय कस्तुराबाई, गाव सोडायलाव का काय?" धम्मपालनं विचारलं.

"मी कशाला सोडू? ह्यो न्यायलाय," असं म्हणून तिनं झारा लेकाकडं केला.

"काका, तुमीच सांगा," नागेश म्हणाला. "समोर चायनीजचा गाडा लागल्यापासून निम्मं पातेलं घरी येतंय. फोन केला की विचारतो, आई जेवलीस का? तर म्हणती, सुशीला खाल्ली. सकाळी सुशीला, रात्री सुशीला. गुडघे गेलेत हिचे. पुण्याला चल म्हणलं तर हट्टाला पेटली."

"हट्ट न्हाई, बोली झालीय आमची," कस्तुराबाई म्हणाली. "आठ वाजेपर्यंत पातेलं रिकामं झालं तर मी हितंच. उरलं तर गाडा टेंपोत अन् मी बी."

"मग आज जरा कमी करायची होती," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी चष्मा पुसायला घेतला. बत्तीस वर्षं ती एकाच मापानं करत आली होती. त्या पातेल्यात वासरू धुता आलं असतं, आणि ते काठोकाठ भरलेलं होतं. समोर चायनीजच्या गाड्यावर निळे-लाल दिवे, गाणी आणि तोबा गर्दी. इकडं धम्मपाल, मी आणि एक शेळी. घड्याळात साडेसहा.

"मी ओरडून बोलावू का पोरांना?" मी विचारलं.

"नको व्यंकट. शेळी पण जाईल," धम्मपाल म्हणाला.

धम्मपालची सगळी नोकरी शेतकी खात्यात झाली. तीस वर्षं त्यानं शेतकरी मेळावे भरवले. ज्यांना यायचं नाही अशी माणसं, जे ऐकायचं नाही अशा भाषणांना, भर उन्हात आणून बसवणं हे त्याचं काम, आणि त्याचा मांडव कधी रिकामा राहिला नाही. तो दोन मिनिटं पातेल्याकडं बघत राहिला. मग समोरच्या दुकानातून एक लांब रजिस्टर घेऊन आला. चहावाल्याचं टेबल मागितलं, ते गाड्यापुढं मांडलं, पेनाला दोरा बांधला आणि वळणदार अक्षरात पानाच्या डोक्यावर लिहिलं : 'आज कस्तुराबाईची सुशीला खाल्ली, सबब सही.' खाली रकाने पाडले. अनुक्रमांक, नाव, वर्ग, सही.

"अरे, फसवणूक होईल," मी म्हणालो.

"कशी? सगळं खरं लिहिलंय. वरचं कुणी वाचत नसतं, एवढाच माझा अनुभव."

पहिला एक लांबडा पोरगा आला. रजिस्टर दिसताच त्याचे पाय आपोआप थांबले. पंच्याहत्तर टक्के हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत, त्यामुळे या पोरांचा हात रकाना बघून शिवशिवतो.

"सर, कशाची सही हाय?"

"वर लिहिलंय."

त्यानं वर पाहिलं नाही. सही केली. "आता?"

"आता तिकडं."

तो कस्तुराबाईपुढं गेला, पैसे दिले, प्लेट घेतली आणि खाता खाता फोन लावला. "अबे, गेटपाशी सह्या चालू हायत. कशाच्या ते माहीत न्हाई. तू ये आधी!"

दहा मिनिटांत रांग चायनीजच्या गाड्यापर्यंत गेली. नूडल्स तोंडात लोंबत असलेली पोरं रांगेत येऊन उभी राहिली. धम्मपाल खुर्चीवर ताठ बसून "एकेक, एकेक" म्हणत होता. मी पेन सांभाळत होतो. एका पोरानं गैरहजर मित्रांच्याही सह्या ठोकल्या.

"चार सह्या, चार प्लेटा," धम्मपाल शांतपणे म्हणाला.

"पण ते तिघं गावाला गेलेत, सर!"

"त्यांची पोटं तूच सांभाळ."

त्यानं चारही खाल्ल्या. तिसरीपासून त्याच्या तोंडावर समाधान दिसू लागलं. एक प्राध्यापक स्कूटर थांबवून, "कुणाच्या परवानगीनं चाललंय हे?" असं विचारायला आले आणि विचारण्याआधी सही करून बसले. जाताना त्यांनी हळूच विचारलं, माझ्या तासाला येऊन बसाल का?

पावणेआठला पातेल्याच्या तळाशी वीसेक प्लेटा उरल्या होत्या. आणि तेवढ्यात घात झाला. प्राची नावाची एक मुलगी, खाऊन झाल्यावर, रिकामी प्लेट घेऊन परत रजिस्टरपाशी आली आणि तिनं वरची ओळ वाचली. मोठ्यानं वाचली.

समोरची गाणी तेवढी ऐकू येत होती. रांगेतले दोघं-तिघं बाजूला सरकले. नागेशनं गाडा बांधायला टेंपोतला दोर काढला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी धम्मपालच्या कपाळावर घाम पाहिला.

"मावशी, ही हजेरी न्हाई का?" प्राचीनं विचारलं.

कस्तुराबाईला खोटं बोलता येत नाही. "न्हाई गं बाई. तू सुशीला खाल्लीस, तेवढंच लिहिलंय. ज्याला जायचं त्यानं खुशाल जावं."

प्राचीनं हातातल्या प्लेटकडं पाहिलं. तिच्यात डाळ्याच्या कुटाची एक रेघ उरली होती. ती तिनं बोटानं पुसून तोंडात घातली आणि विचार केला.

"मग दुसरी घेतली तर परत सही करायची का?"

"करावी लागंल," धम्मपाल म्हणाला.

"द्या पेन."

अशी हसली ती रांग की शेळी पळाली. बाजूला सरकलेले परत आत घुसले. "मावशी, मिरची जास्त!" "ए, माझा नंबर हाय!" चार प्लेटांचा धनी पाचवीसाठी भांडू लागला. आता रजिस्टरकडं कुणी बघतही नव्हतं, सगळ्यांचे डोळे झाऱ्यावर. आठला पाच कमी असताना कस्तुराबाईनं पातेलं तिरपं केलं, खरवडलं आणि शेवटचा घास शेवटच्या पोराच्या प्लेटमध्ये टाकला.

नागेश जवळ आला. त्यानं आत डोकावून पाहिलं, हात फिरवून पाहिला. मग आईच्या पाया पडला.

"येत जा महिन्याला," ती म्हणाली. "अन् गुडघ्याचं औषध पाठव."

"कस्तुराबाई, आमचं काय?" मी विचारलं. दीड तास मी नुसता वास घेत होतो.

तिनं पातेलं उचलून आमच्यापुढं उपडं धरलं. एक कण पडला नाही.

"साहेब, तुमाला बी न्हाई!" ती म्हणाली, आणि बत्तीस वर्षांत तिला इतकं खूश झालेलं आम्ही पाहिलं नव्हतं.

आम्ही उपाशीपोटी, छाती काढून, रस्त्याच्या मधोमध चालत घरी निघालो. मागून एका स्कूटरवाल्यानं हॉर्न वाजवला. धम्मपाल बाजूला झाला नाही.