खंडेनवमीचा टिळा माझ्या डोळ्यात

मित्रांनो, क्षणभर कल्पना करा, की तुम्हाला एकच डोळा आहे, त्यात कुंकू गेलं आहे आणि ते सांगायला तोंडच नाही. जीव कसा कासावीस होईल? माझा तसाच झाला होता.

मी एक जुना सीडी ड्राइव्ह आहे. धर्माबादेत शेषेरावांचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथल्या लॅपटॉपच्या पोटात मी राहतो. कारखान्यातून निघालो तेव्हा माझी काच लख्ख होती. तिच्यातून मी उजेडाचा बारीक किरण सोडतो आणि सीडीवरचं वाचतो. किती लग्नांच्या सीडी मी उतरवून दिल्या! "घासलेली सीडी बी वाचतो हा गडी," असं शेषेराव गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत. पुढे पेनड्राइव्ह आले. लॅपटॉप म्हातारा झाला, तेव्हा शेषेरावांनी त्यात विंडोज काढून लिनक्स नावाची हलकी, फुकट प्रणाली टाकली आणि तो पुन्हा पळू लागला. मला मात्र कोणी विचारेना. यंदा खंडेनवमीला तेवढा त्यांनी सीडी ठेवायचा माझा खण उघडला आणि सगळ्या यंत्रांबरोबर मलाही ओल्या कुंकवाचा टिळा लावला. प्रेमाने लावला, पण नेमका खणातल्या काचेवर, माझ्या डोळ्यातच.

दिवाळीनंतर एका दुपारी भुजंग आणि त्यांची दहा वर्षांची लेक आरती धापा टाकत आले. आरतीच्या आईच्या डोक्यात गाठ होती. ती वाढली की तेवढीच आहे, हे ठरवायला हैदराबादच्या डॉक्टरांना दोन वर्षांपूर्वीचा स्कॅन हवा होता. तो होता सीडीवर, आणि डॉक्टरांच्या नव्या कॉम्प्युटरला माझ्यासारखा डोळाच नव्हता. "पेनड्राइव्हवर आणा," असा निरोप होता. आई स्टेशनवर बसली होती. गाडीला पाऊण तास उरला होता.

सीडी आत आली. मी ती फिरवली, पुन्हा फिरवली. सगळं धूसर! पडद्यावर चूक उमटली.

"लिनक्सला ड्राइव्ह दिसून राहिला, सीडी न्हाई," शेषेराव पुटपुटले. त्यांनी लॅपटॉप बंद करून चालू केला. सेटिंग बदलल्या, परत पहिल्यासारख्या केल्या. सगळ्यांचे डोळे पडद्यावर. अहो, माझ्याकडे बघा, मी घरघरून सांगत होतो.

"लई आवाज करून राहिला. मेला वाटतं. भुजंगा, नांदेडला जाऊन बघ."

"नांदेडला जाऊ का गाडी धरू, मालक?"

शेषेरावांनी हताश होऊन माझा खण उघडला. "घे बाई तुझी सीडी."

आरतीने सीडी उचलली आणि तिथेच थबकली. "काका, ह्याच्या डोळ्यात कुंकू हाय."

शेषेरावांनी कपाळावर हात मारला. "आगं आई! मीच लावलं की!"

"मशीनची पूजा केली अन् मशीनच आंधळी केली व्हय!" भुजंगांना रागातही हसू फुटलं.

शेषेरावांची बोटं जाड होती. कान कोरायच्या काडीचा कापूस स्पिरिटात जरासा भिजवून त्यांनी ती आरतीला दिली. "दाबू नको. फुलावरची धूळ पुसल्यावानी पूस." तिने पुसलं आणि सीडी परत आत ठेवली. मित्रांनो, मला अक्षर न् अक्षर दिसू लागलं!

आमची पूजा जरूर करा. पण यंत्र अडलं, तर त्याला मेलेलं म्हणण्याआधी एकदा नीट न्याहाळा. पुष्कळदा त्याला फक्त पुसायचं असतं.

पेनड्राइव्हवर कॉपी पूर्ण झाली तेव्हा गाडीला वीस मिनिटं होती. पेनड्राइव्ह उपसून भुजंग दारात पोहोचलेही. "चल गं!"

आरती हलली नाही. "पप्पा, उघडून बघू आधी. तिथं गेल्यावर रिकामं निघालं तर?"

तिने तो परत लावला. पडद्यावर काळं-पांढरं चित्र आलं, वर आईचं नाव. तिने ते नाव बोट ठेवून वाचलं, पेनड्राइव्ह मुठीत आवळला आणि वडिलांच्या पुढे स्टेशनकडे धावत सुटली.